चाकू वाजवू नये

२०२५ च्या ऑगस्टात रघुजीराजे भोसल्यांची तलवार लंडनहून परत आली आणि अर्धं नागपूर माळ्यावर चढलं. एप्रिलात ती तिकडे सोदबीजच्या लिलावात निघाली होती. राज्य सरकारनं ४७ लाख १५ हजार रुपये मोजून ती सोडवली. पेपरात तो आकडा वाचल्यावर ज्याच्या त्याच्या मनात एकच विचार आला, की आपल्या माळ्यावर काय आहे ते एकदा पाहायला पाहिजे. आमच्या माळ्यावर एक पितळी स्टोव्ह, दोन बोथट विळ्या, खलाशिवायचा बत्ता आणि आजोबांचा अडकित्ता निघाला. आमचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेत असलेच, तर सुपारीखात्यात असावेत.

त्या तलवारीची गंमत अशी, की तिचं पातं युरोपातलं आहे आणि मूठ आपल्याकडची. अशा तलवारीला आपल्याकडे 'फिरंग' म्हणत. म्हणजे नुसतं म्हणत नसत, तसं कोरूनही ठेवत. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग' असं लिहिलेलं आहे. तलवार कोणाची ते सांगून झालं, पदवी सांगून झाली, आणि शेवटी माल कुठला तेही सांगितलं. आमच्या गल्लीत दुबईहून आलेल्या फ्रिजवरचं स्टिकर अकरा वर्षं झाली तरी निघालेलं नाही. त्याला आपण उगाच नवश्रीमंतांची हौस समजतो. परंपरा जुनी आहे.

तर मलाही एक फिरंग पाहिजे होती. तलवारीइतकी ऐपत नव्हती, म्हणून चाकूवर आलो.

तो मिळाला इतवारीतल्या एका भंगारवाल्याकडे. मी खरं तर नळाची जुनी तोटी शोधत होतो. गंजक्या कुलपांच्या ढिगात बोटभर जाडीची, केळासारखी वाकलेली शिंगाची मूठ दिसली. दोन्ही टोकांना काळं पडलेलं पितळ. पातं मुठीत मिटलेलं. उघडलं, तर कर्र-कर्र-कर्र असा आवाज झाला आणि शेजारी पंखा उचलून पाहणारा माणूस पंखा ठेवून निघून गेला.

"कितने का?"

"ले लो साब, अंग्रेज के जमाने का है. पंधरासौ."

नागपुरात भाव हिंदीत सांगतात आणि मराठीत पाडतात. "काहून बापा, अंग्रेज स्वतः येऊन राहिला का घ्यायला?" असं म्हणून मी पाठ फिरवली. सहाशेला सौदा झाला. तोटी राहिलीच.

घरी नेला तेव्हा पहिला पंचनामा हिनं केला. "हा गुंडांचा आहे." तिचीही चूक नव्हती. आपल्या पिढीला करकर वाजणारा चाकू म्हणजे रामपुरी, आणि रामपुरी म्हणजे सिनेमातला खलनायक. 'वक्त'मध्ये (१९६५) राजकुमार असाच एक चाकू हातात घेतात आणि ही पोरांनी खेळायची वस्तू नव्हे असं थंडपणे बजावतात. तेव्हापासून थिएटरात बसलेल्या प्रत्येक पोराला तो खेळायला हवा झाला. रामपूरकरांनी तर २०२३ साली एका चौकात वीस फुटी चाकूच उभा केला. आपल्याकडे चौकात संत्रं उभं करतात. ज्या गावाला जे पिकतं ते.

पण माझा चाकू रामपुरी नव्हता. ते मला फोनवर कळलं.

महालात माझे एक परिचित आहेत. जुनी नाणी, कुलपं, दौती, जे जे आजच्या कामाचं नाही ते सगळं ते जमवतात. मी त्यांना फोन लावून वर्णन करू लागलो. त्यांनी मधेच थांबवलं. "सांगू नका. वाजवा." मी चाकू फोनजवळ धरून हळूहळू उघडला. पलीकडे शांतता. "पुन्हा." पुन्हा उघडला. "सात," ते म्हणाले. "सात दात आहेत. मुठीच्या पाठीवर पोलादी पट्टी आहे? तिला खिडकी आहे? पट्टी उचलायला कडी आहे?" सगळं होतं. "मग बसा खाली," ते म्हणाले. मी बसलेलाच होतो, तरी आणखी थोडा बसलो. "ही स्पेनची नवाखा आहे."

स्पॅनिश लोक लिहितात त्यावरून आपण 'नवजा' म्हणू. पण त्यांच्याकडे 'ज'चा 'ख' होतो. गोंदियाच्या माझ्या साल्याला मी हा शब्द सांगितला, तर त्यानं नवाखाई कोणत्या तिथीला आहे ते विचारलं. त्या भागात नव्या तांदळाचा घास घेण्याच्या सणाचं ते नाव. मुळात हा शब्द लॅटिनमधल्या वस्तऱ्याच्या नावावरून आला. आजही स्पेनमध्ये न्हाव्याच्या वस्तऱ्याला दाढीची नवाखाच म्हणतात. म्हणजे खानदान न्हाव्याचं, आणि नाव झालं मारामारीत.

पुढचा तासभर त्या गृहस्थांनी मला स्पेन सांगितला. माद्रिदहून आग्नेयेला, समुद्राकडे जाणाऱ्या रेल्वेवर अल्बासेते नावाचं गाव आहे. आपल्याकडे अलिगढला कुलूप, तसा तिथं चाकू. गेली कित्येक शतकं तिथं घरटी चाकूच बनत आले. रेल्वे आली तेव्हा तिथले विक्रेते कमरेच्या पट्ट्याला चाकूच चाकू लटकावून फलाटावर फिरत आणि डब्याच्या खिडकीतून ते प्रवाशांना विकत. गावात त्या फलाटावरच्या विक्रेत्याचा पुतळासुद्धा आहे, आणि २००४ पासून चाकूंचं स्वतंत्र संग्रहालय आहे. मी डोळे मिटून आमचं स्टेशन पाहिलं. गाडी थांबली, की आमच्याकडे खिडकीतून संत्रा बर्फी येते. तिथं उघडा चाकू येतो. दोन्ही ठिकाणी प्रवासी मुकाट्यानं पैसे काढतात.

त्या करकरीला तिकडे 'कर्राका' म्हणतात. लाकडी दातेरी चाकाचं एक वाद्य असतं, फिरवलं की कर्र करतं. पवित्र आठवड्यात चर्चच्या घंटा बंद असतात तेव्हा ते वाजवतात. आपल्या जत्रेत पोरं फिरवतात त्या पत्र्याच्या खेळण्याचा हा ख्रिस्ती मावसभाऊ. चाकूच्या पात्याच्या बुडाशी दाते असतात. पातं उघडताना ते पाठीवरच्या पट्टीवर एकेक आपटत जातात, आणि शेवटचा दाता खिडकीत बसला की पातं पक्कं होतं. मिटायचं तर कडी ओढून पट्टी उचलायची. खरं तर ही सगळी सोय बोट वाचवायची. पण अंधाऱ्या बोळात समोरच्याला तेवढा आवाज ऐकू गेला तरी निम्मं काम होत असे. १८४९ साली माद्रिदमध्ये या चाकूनं कसं लढावं याचं एक पुस्तक छापलं गेलं. जुगाराच्या अड्ड्यावर बसून जिंकणाऱ्याकडून वाटा उकळणाऱ्या दादालोकांच्या नावानं ते काढलेलं होतं. आपल्याकडे गाइडं दहावीची निघतात. त्यांच्याकडे दादागिरीचंही निघालं.

सगळ्या जगात या चाकूचं नाव मात्र फ्रेंचांनी केलं. मेरिमेनं १८४५ मध्ये 'कार्मेन' लिहिली, बिझेनं १८७५ मध्ये तिचा ऑपेरा केला. स्पॅनिश माणूस म्हणजे गिटार आणि चाकू, हे फ्रान्सनं ठरवून टाकलं. आणि एवढ्यावर न थांबता एकोणिसाव्या शतकात चाकू बनवायलाही तेच बसले. फ्रान्समध्ये तिएर नावाचं चाकूवाल्यांचंच गाव आहे. तिथून स्पॅनिश गिऱ्हाइकासाठी स्पॅनिश अक्षरं कोरलेले नवाखा गाड्या भरून जात. पात्यावर 'माझ्या धन्याचा जयजयकार असो' अशा अर्थाचं स्पॅनिश, आणि लोखंड फ्रान्सचं. येवल्याची म्हणून घेतलेली पैठणी सुरतेची निघावी, त्यातलाच प्रकार.

"तेव्हा आधी ओळख पटली पाहिजे," महालातले गुरुजी म्हणाले. "स्पॅनिश की फ्रेंच. मग शतक."

मी आधी कायद्याकडे वळलो. बँकेत अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला आधी सही कुठे चुकली ते दिसतं. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू शस्त्रात धरला आहे. घरकाम-शेतीची अवजारं सोडून. घरात पट्टी म्हणजे मुलाच्या जुन्या कंपासपेटीतली पंधरा सेंटिमीटरची. ती कमी पडली. हिची ब्लाउजाची टेप आणली. आठ इंच आणि तीन सूत. मी सुस्कारा सोडला. एवढ्यात १९७२ चा पुरावस्तू कायदा हाती लागला. त्यात शंभर वर्षांपलीकडच्या वस्तूचा विचार केला आहे. म्हणजे चाकू आखूड असावा आणि म्हातारा असावा. वयाचे कागद नसल्यानं मी शेजाऱ्यांना वेगवेगळी शतकं सांगू लागलो. सकाळी फिरायला येणाऱ्यांना एकोणिसावं. मेव्हण्याला अठरावं.

ओळखीच्या खुणा मी वहीत उतरवल्या. मूठ शिंगाची असली तर गरम सुई टेकवल्यावर केस जळल्याचा वास येतो, प्लॅस्टिकची असली तर प्लॅस्टिकचा. (घरात केस जळल्याचा वास आल्यावर ही धावत आली आणि आधी माझं डोकं पाहिलं. तिथं जळण्याजोगं काही नव्हतं.) जुन्या चाकूला स्क्रू नसतात, हातानं ठोकलेल्या खिळ्या असतात. पात्यावर 'टोलेडो' असं ठसठशीत लिहिलेलं असलं तर तो बहुधा पर्यटकांना विकायला केलेला. 'मेड इन' अमुक असं असलं, तर समजायचं की १८९० च्या पुढचा. कारण त्या वर्षी अमेरिकेनं कायदा करून बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालायला लावलं. बनावट चाकू चहाच्या पाण्यात उकळून, आम्ल लावून, मातीत पुरून म्हातारे करतात. आपल्याकडे लोक कलप लावून तरुण होतात, चाकूंचं उलट आहे. आणि बिजागरी ढिली नसावी. हे लिहिताना मला आठवलं, की बिजागरी हा आपला शब्दच मुळी पोर्तुगीजांनी आणलेला. स्पेनमध्येही तोच शब्द चालतो. म्हणजे घडीच्या चाकूतला जो सांधा, त्याचं नाव आधीच आमच्या दारा-खिडक्यांतून येऊन बसलेलं होतं. मी त्या दिवशी घरातली सगळी दारं आदरानं उघडली आणि मिटली.

माझ्या चाकूला खिळ्या होत्या. 'टोलेडो' नव्हतं. 'मेड इन' नव्हतं. आणि सर्वांत मोठी गोष्ट, भंगाराच्या ढिगात पडूनसुद्धा पात्यावर गंजाचा ठिपका नव्हता! दोनशे वर्षं! आजूबाजूची कुलपं मातीमोल झालेली आणि हे पातं मेणचटाखाली लख्ख. मी मेव्हण्याला म्हटलं, "याला म्हणतात स्पेनचं पोलाद. ती विद्या आता गेली."

पात्याच्या बुडाशी, जिथं कारागीर आपला ठसा मारतो, तिथं मेणचटाच्या थराखालून तीन रोमन अक्षरं डोकावत होती. एन, ओ, एक्स. त्याच्या आधी काहीतरी होतं, दिसत नव्हतं. कारागिराचं नाव! मी तीन रात्री त्या नावावर घालवल्या. स्पॅनिश आडनावं तपासली. 'नॉक्स'वर संपणारं मिळेना. जितकं मिळेना तितका कारागीर दुर्मीळ होत गेला. त्यानं फार थोडे चाकू केले असावेत. बहुधा तरुणपणीच गेला असावा. मी मनातल्या मनात त्याला मिशा दिल्या.

घासून पाहावं, तर गुरुजींनी बजावलं होतं, "पॅटिनाला हात लावायचा नाही." पॅटिना म्हणजे जुन्या धातूवर काळानं चढवलेला रंग. संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. पितळ काळं, शिंग पिवळट, हातांचं तेल शिरलेलं. हे सगळं म्हणजे वस्तूच्या वयाचा दाखला. मराठी घरात याला एकच शब्द आहे, कळकट. समई असो, तांब्या असो, देवघरातला बाळकृष्ण असो, चिंच लावून आदल्या पिढीचा एकूण एक पुरावा पुसून टाकल्याशिवाय आपल्याकडे सण सुरू होत नाही. बाळकृष्णाचं नाक झिजून सपाट होतं, पण तो चकाकतो. असल्या घरात पॅटिना टिकवणं म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैलाला न सजवता ठेवण्यासारखं.

पोळ्याचंच झालं. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, मारबतीची मिरवणूक. गावातली रोगराई, इडापिडा, महागाई, सगळं घेऊन जा म्हणून नागपूरकर पिवळ्या आणि काळ्या मारबतीला गावाबाहेर हाकलतात. मी ती पाहायला गेलो. जाताना ही म्हणाली, "तुमचा चाकूही द्या तिच्याजवळ." मी हसलो. परत आलो तेव्हा ओट्यावर समया, पंचपात्र, पळी, घंटा ओळीनं वाळत होती, आणि घंटेशेजारी माझा चाकू. पितळ सोन्यासारखं. शिंग धुतलेलं. पातं आरशासारखं.

"पीतांबरी उरली होती," ती म्हणाली. "आणि ते नाव शोधत होता ना तुम्ही? निघालं पाहा."

मी चष्मा लावला. तीनाच्या ऐवजी चार अक्षरं होती. पहिलं अक्षर आय.

"इनॉक्स," मी मोठ्यानं वाचलं. मनात म्हटलं, डॉन इनॉक्स. आडनाव नसून नावच असणार.

मुलगा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "बाबा, चाकू सिनेमावाल्यांनी बनवला?"

हसायचं तर घरात सगळे आधी हसून घेतात आणि मग कारण विचारतात. मी गुरुजींना फोन लावला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग हळू आवाजात म्हणाले, "इनॉक्स म्हणजे इनॉक्सिदाब्ले. न गंजणारं. स्टेनलेस." स्टेनलेस स्टीलचा शोध शेफिल्डला १९१३ साली लागला, हे त्यांनी मला सांगितलं. पात्यावरचं ते नाव मी त्यांना सांगितलं नसतं तरी चाललं असतं असं त्यांच्या आवाजावरून वाटलं. त्यांनी माझा चाकू पाहिला नव्हता, नुसता ऐकला होता. "पण करकर अस्सल आहे," ते म्हणाले. "अल्बासेतेत आजही असे बनतात. पट्टी, खिडकी, कडी, सगळं जुन्या पद्धतीचं. माल चांगला आहे." म्हणजे माझा दोनशे वर्षांचा चाकू माझ्याहून लहान निघण्याची दाट शक्यता होती.

मेव्हण्याला मी अजून सांगितलेलं नाही. त्याच्यासाठी ते अठरावं शतक चालू आहे.

चारेक दिवसांनी गल्लीत सायकलवाला धारवाला आला. स्टँडवर सायकल चढवायची, पॅडल मारायचं, समोरचा दगड फिरतो. हिनं विळी, दोन सुऱ्या, कात्री दिली आणि वर चाकूही टेकवला. मी काही म्हणालो नाही. जुनी वस्तू असती तर तिला दगड लावणं म्हणजे पाप. पण आता ती जुनी राहिली नव्हती.

धारवाल्यानं चाकू उघडला. कर्र-कर्र झालं. त्यानं माझ्याकडे, मग हिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"कायले लागते हा तुम्हाले?"

"असाच. संग्रहाला."

"मंग धार कायले?"

याचं उत्तर संग्रहशास्त्रातही नाही. त्यानं पातं दगडाला टेकवलं. "हे पाहा साहेब. विळी लावली तवा कशी फुलं उडली? दिवाळी झाली. याची फुलं कमी पडून राहिली. हे स्टील हाय. बाहेरचं हाय, पन स्टील हाय." तीन रात्री, एक वही, एक फोन आणि पीतांबरीचं अर्धं पाकीट मी ज्याच्यावर घालवलं, ते त्यानं पॅडल मारता मारता सांगून टाकलं. "वीस रुपये द्या. लय कडक हाय, हात दुखला."

त्या दिवसापासून चाकू स्वयंपाकघरात आहे. त्याच्यानं काय कापायचं हा मात्र प्रश्नच झाला. भाजीला विळी आहे, सुपारीला अडकित्ता आहे. अल्बासेतेपासून व्हॅलेन्सिया जवळ, आणि तिथली संत्री जगभर जातात. त्या संत्र्याची साल गराला अशी चिकटलेली असते, की चाकूशिवाय ती निघत नाही. गावाजवळ असं संत्रं असलं तर चाकूला धंदा राहणारच. आमच्या नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याचा खरा मान असा, की त्याला चाकू लागतच नाही. अंगठा टेकवला की साल आपणहून उतरते. या गावात फळासाठी हत्यार काढावं लागत नाही. मी हे विवेचन पूर्ण केलं तेव्हा ही कणीक मळत होती.

"मग मोसंबी आणा," ती म्हणाली.

आणली. डझनभर. आता रोज रात्री जेवण झालं, की मी चाकू घेऊन बसतो. कर्र, कर्र, कर्र. आतून आईचा आवाज येतो. ती नव्वदीला टेकली आहे आणि तिला बाकी फारसं ऐकू येत नाही.

"कात्री कोण वाजवतंय? वाजवू नका रे. भांडणं होतात."

"कात्री नाही, आई. चाकू आहे."

"मग तर मुळीच वाजवू नका."